कथकचा रियाज: अ‍ॅपवरच्या लेहऱ्यावर की तबलजीसोबत?

नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये रोज तबलजी कुठून आणणार? म्हणून बहुतेक मुली मोबाइलवर लेहरा (तालाचं आवर्तन दाखवत फिरत राहणारी धून) लावतात, आणि सुरुवातीला तेच बरं. तीनताल (16 मात्रांचा ताल) मिनिटाला 60 मात्रांच्या लयीवर ठेवा, तत्कार (पायांचे मूळ बोल) बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, दहा मिनिटं, मग दुगुन (दुप्पट), मग चौगुन (चौपट). अ‍ॅप तुमच्यासाठी थांबत नाही. चौगुनीत पाय पळाले की सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हुकते आणि चूक लगेच उघडी पडते. तबलजी मात्र सांभाळून घेतो. तुम्ही धावलात तर तोही लय चढवतो, आणि दोष महिनोन् महिने कळत नाही.

रचना बांधायला बसलात की पारडं पूर्ण फिरतं. तिहाईच घ्या, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा. 5 मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये 1-1 मात्रेचा दम (विराम): 17 होतात, म्हणून समेवर उचललेली तिहाई पुढच्या समेवर नेमकी येते. दम 2 मात्रांचा केला की शेवटचा ‘थै’ तिसऱ्या मात्रेवर पडतो. अ‍ॅपवर एवढंच कळतं की चुकलं. तबलजी दम कुठे कापायचा ते सांगतो, शिवाय तुमच्या बोलांना उत्तर देतो. उपज (ऐनवेळी सुचणारी नवी भर) त्या सवाल-जवाबातूनच येते, एकट्याने ती फार कमी सुचते.

आमचा कौल: आठवडाभर अ‍ॅप, रविवारी दोन तास तबला. कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असेल तर शेवटचे पंधरा दिवस तबल्यासोबतच. आणि मॉनिटर (कलाकाराला ऐकू येण्यासाठी रंगमंचावर ठेवलेला स्पीकर) नर्तकीकडे तोंड करून ठेवायला सांगाच. प्रेक्षागृहातून परतणारा आवाज उशिरा येतो, त्यावर पाय टाकले की सम गेलीच.