सात मिनिटांत न मावणारी उत्तरे: एका नमुना-उत्तरसंचाचे परीक्षण

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे २०२२ मध्ये जाहीर झाले. पुण्यात उमेदवारांची आंदोलने झाल्यानंतर हा बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. या मधल्या काळात सदाशिव पेठ आणि नवी पेठ येथील पुस्तकांच्या दुकानांत एक नवीन माल दिसू लागला, तो म्हणजे नमुना उत्तरांचे संच. भाषेचा एक पेपर सोडला तर दशकभर ज्या परीक्षेत चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा होता, तिथे आता निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर हाताने लिहायचे आहेत. त्यामुळे ‘उत्तर लिहायचे तरी कसे’ या भीतीला मोठे गिऱ्हाईक मिळाले. मीही त्यातलाच एक. एका क्लासचा संच मी साडेसात हजार रुपयांना घेतला. त्यात स्पायरल बाइंडिंगच्या चार पुस्तिका, प्रत्येकीत साठ नमुना उत्तरे आणि सोबत बारा सराव चाचण्यांची तपासणी होती. नोकरी सांभाळून पाच महिने तो वापरल्यावर हे लिहीत आहे. क्लासचे नाव देत नाही, कारण अभ्यासिकेतील इतरांकडचे संच मी चाळले आहेत आणि पुढे सांगितलेले बहुतेक दोष त्यांतही थोड्याफार फरकाने आढळले. एकट्याला वेचून बदनाम करणे न्यायाचे होणार नाही.

संच कसा आहे हे ठरवण्यासाठी मी सर्वात आधी घड्याळ काढले. या संचातील प्रश्न केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर आहेत, म्हणजे दहा गुणांना १५० शब्द आणि पंधरा गुणांना २५० शब्द. तीन तासांत २५० गुणांचा पेपर सोडवायचा असेल तर दहा गुणांच्या प्रश्नाला सव्वासात मिनिटेही मिळत नाहीत आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला अकरा मिनिटांना थोडी कमीच. मी वेगाने आणि वाचता येईल असे लिहिले, तर मिनिटाला बावीस-तेवीस शब्द होतात. याचा अर्थ दीडशे शब्द लिहिण्यातच साडेसहा मिनिटे जातात आणि विचार करायला अर्धे-पाऊण मिनिट उरते. पहिल्या पुस्तिकेतील दहा गुणांची वीस उत्तरे मी शब्द मोजून पाहिली. तीनशेच्या आत एकही नव्हते. सर्वात लांब उत्तर ४१२ शब्दांचे होते. ते माझ्या वेगाने नुसते उतरवून काढायला अठरा मिनिटे लागली असती, आणि तेही समोर ठेवून. परीक्षागृहात बसलेल्या कोणाही माणसाला जे लिहिता येणार नाही, त्याला नमुना उत्तर म्हणण्याऐवजी नोट्स म्हणणे प्रामाणिकपणाचे झाले असते.

हे ४१२ शब्दांचे उत्तर जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रश्न असा आहे: ‘७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, तरी सत्तेचे खरे विकेंद्रीकरण झाले नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात चिकित्सक परीक्षण करा.’ प्रश्न चांगला आहे. उत्तराची सुरुवात मात्र पंचायत राजवरील १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीपासून होते. मग अशोक मेहता समिती येते, वसंतराव नाईक समिती येते, १९६१ चा जिल्हा परिषद अधिनियम येतो, बोंगिरवार समिती आणि प्राचार्य पी. बी. पाटील समितीही येते, आणि प्रश्नात विचारलेल्या गोष्टीला हात लागेपर्यंत दुसरे पान अर्धे झालेले असते. त्यानंतर घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या, २९ विषयांचा तक्ता दिला आहे. शेवटी ‘आव्हाने’ या मथळ्याखाली निधीचा अभाव, राजकीय हस्तक्षेप, भ्रष्टाचार, जनजागृतीचा अभाव, प्रशिक्षणाचा अभाव असे दहा मुद्दे दिले आहेत. हेच दहा मुद्दे याच पुस्तिकेत प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील उत्तरातही आहेत, आणि जलसंधारणावरील उत्तरातही, क्रम तेवढा वेगळा. जो मुद्दा कोणत्याही प्रश्नाला चालतो त्याने परीक्षकाला या प्रश्नाबद्दल काहीच कळत नाही, हे संच तयार करणाऱ्यांना माहीत नसेल असे वाटत नाही. वेळ वाचवण्यासाठी तो भाग सरसकट चिकटवला असावा.

जे यायला हवे होते ते नेमके राहून गेले आहे. घटनेचे कलम २४३-ई पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घालते. तरीही ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा २०२२ पासून सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि निवडणुकांसाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ‘घटनात्मक दर्जा आहे, पण’ या विधानाला याहून बोलका पुरावा शोधून सापडणार नाही. दुसरी गोष्ट जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणाऱ्या जिल्हा नियोजन समितीची. तिचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या अध्यक्षाकडे नसून राज्य सरकारातील पालकमंत्र्याकडे असते. विकेंद्रीकरण कुठे अडते हे सांगायला एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ‘चिकित्सक परीक्षण’ म्हटल्यावर दुसरी बाजूही आलीच पाहिजे: महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाले, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा खरी करून दाखवली. मात्र मेंढ्याला हे बळ वनहक्क कायद्यातून आणि गावाच्या स्वतःच्या संघटनेतून मिळाले, केवळ ७३ व्या दुरुस्तीतून नव्हे, असे अर्ध्या वाक्यात सांगता आले तर परीक्षण खरोखर चिकित्सक होते. एवढे सगळे दीडशे शब्दांत बसते. मी तीन वेळा लिहून पाहिले. पहिल्या खेपेला २१० शब्द झाले, तिसऱ्या खेपेला १४८. या दोन खेपांमध्ये सगळ्या समित्या गळाल्या, आणि १९६१ च्या अधिनियमाचा उल्लेख तेवढा टिकला, कारण घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधी महाराष्ट्राकडे सबळ जिल्हा परिषदा होत्या, हा प्रश्नाच्या गाभ्याचाच भाग आहे.

ही गाळण कशी करावी हे शिकण्यासाठीच तर नमुना उत्तर विकत घ्यायचे असते. माहिती आमच्याकडे असते, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त असते. कोणती माहिती सोडायची, कोणत्या मुद्द्याला एक ओळ द्यायची आणि कोणत्याला चार, ‘स्पष्ट करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ यांत उत्तराचा आकार कसा बदलतो, हे निर्णय नवख्याला दिसत नाहीत. पहिल्या तीन पुस्तिकांत ते कुठेच दाखवलेले नाहीत. सगळी उत्तरे एकाच साच्यात आहेत: व्याख्या, पार्श्वभूमी, महत्त्व, आव्हाने, उपाय, समारोप. प्रश्न ‘कारणे सांगा’ असा असला तरी उपाय आहेतच.

भाषेबद्दल लिहायचे तर मराठी माध्यमाच्या उमेदवाराची खरी अडचण तिथेच आहे, आणि तिसऱ्या पुस्तिकेने ती वाढवली आहे. हा मजकूर इंग्रजीतून, बहुधा यंत्राकडून, मराठीत आणला असावा. एका मथळ्यात ‘नागरीकरणाचे चालक’ असे छापले आहे. मला आधी वाटले की शहर बस वाहतुकीबद्दल काही असेल, पण खाली स्थलांतर, औद्योगिक वसाहती आणि शेतीतील घटते उत्पन्न यांची चर्चा निघाली. नागरीकरणाची कारणे किंवा नागरीकरणाला चालना देणारे घटक, असे साधे म्हणता आले असते. असा मजकूर पाठ करणारा उमेदवार परीक्षेत तसेच लिहितो आणि तपासणाऱ्याला तो काय म्हणतो हे कळत नाही, हे नुकसान त्या उमेदवारालाच भोगावे लागते. त्याच पानावर महाराष्ट्राची ४५.२२ टक्के लोकसंख्या शहरी असल्याचे वर्ष न सांगता, आजची स्थिती असल्यासारखे दिले आहे. आकडा बरोबर आहे, पण तो २०११ च्या जनगणनेचा आहे आणि तसे लिहिले पाहिजे.

एवढे वाचून संच फेकून द्यावा असे कोणाला वाटेल. मी तसे केले नाही, याचे कारण चौथी पुस्तिका. नीतिशास्त्र आणि सचोटीच्या पेपरसाठी केलेली ही पुस्तिका स्पष्टपणे वेगळ्याच माणसाने केली आहे. तिच्यात छापील उत्तरे नाहीत, हस्तलिखित पाने स्कॅन करून घेतली आहेत. डावीकडच्या पानावर एका विद्यार्थ्याचे सर्वसाधारण उत्तर आणि त्याला पडलेले गुण आहेत. उजवीकडे त्याच विद्यार्थ्याने, त्याच माहितीवर, शिक्षकाशी बोलून पुन्हा लिहिलेले उत्तर आहे. समासात बारीक अक्षरात शिक्षकाने प्रत्येक बदलाचे कारण लिहिले आहे. दोन्ही उत्तरांची लांबी जवळजवळ सारखीच आहे, आणि हाताने लिहिलेली असल्यामुळे इतके एका बैठकीत लिहिता येते यावर विश्वासही बसतो.

त्यातले एक प्रकरण असे आहे. तहसीलदार रात्री नदीपात्रातून वाळू नेणारे दोन ट्रॅक्टर अडवतो. एक ट्रॅक्टर सरपंचाच्या भावाचा आहे. दुसऱ्याचा चालक कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण आहे. सोबतच्या तलाठ्यावर मागे याच कारणावरून हल्ला झालेला आहे. तहसीलदाराने काय करावे? डावीकडच्या उत्तरात तीन पर्याय आहेत: दुर्लक्ष करणे, पैसे घेऊन सोडणे आणि कायदेशीर कारवाई करणे. प्रत्येकाखाली गुण-दोषांचा तक्ता आहे. वीसपैकी साडेसात गुण. समासात शिक्षकाने लिहिले आहे: ‘पैसे घेणे हा पर्याय तुम्ही तरी विचारात घेतला असता का? मग त्यावर पाच ओळी कशाला?’ उजवीकडच्या उत्तरात तो तक्ता नाही. त्यात आधी तलाठ्याची सुरक्षा आहे, म्हणजे पोलीस बंदोबस्त मागवल्याशिवाय पात्रात उतरायचे नाही. मग पंचनामा, दोन्ही वाहने एकाच पद्धतीने जमा करणे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ खाली कारवाई. तरुण चालकाबद्दल सहानुभूती आहे, पण ती दंड माफ करण्यातून दाखवलेली नाही. सुनावणीत त्याचे म्हणणे नोंदवून घेणे आणि त्याच्यामागे वाळू विकत घेणारा कोण याचा शोध घेणे, यातून ती येते. शेवटच्या परिच्छेदासमोर शिक्षकाची टीप आहे: ‘इथे गांधीजींचे वचन होते, काढले. जागा सुनावणीच्या मुद्द्याला दिली.’ या एका ओळीतून मला जे कळले ते पहिल्या तीन पुस्तिकांच्या एकशे ऐंशी उत्तरांतून कळले नव्हते.

या पुस्तिकेतही उणिवा आहेत. साठांपैकी चोवीसच उत्तरे अशी जोडीने दिलेली आहेत, उरलेली एकेरी आहेत. स्कॅन काही ठिकाणी इतके फिकट आले आहे की समासातील टिपा खिडकीजवळ नेऊन वाचाव्या लागतात. मला हे खपवून घेता आले.

उत्तरपत्रिका तपासणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चौदा दिवसांत तपासून देण्याचे आश्वासन होते. तिसरी उत्तरपत्रिका पाच आठवड्यांनी आली, आणि तीही दोनदा फोन केल्यावर. दहा उत्तरांपैकी सातांवर ‘अजून मुद्दे जोडा’ असा शेरा होता. त्यातल्या चार ठिकाणी उत्तरासाठी दिलेली जागा शेवटच्या ओळीपर्यंत भरलेली होती, तेव्हा मुद्दे जोडायचे कुठे, हे तपासणाऱ्यालाच विचारायला हवे. गुण जवळजवळ सगळीकडे चार. नीतिशास्त्राच्या दोन चाचण्या मात्र चौथ्या पुस्तिकेच्या शिक्षकानेच तपासल्या असाव्यात, कारण शाई आणि अक्षर तेच होते. त्यात एका उत्तराखाली ‘दुसरा आणि चौथा परिच्छेद एकच गोष्ट सांगतात, एक ठेवा’ असे होते. तसे शेरे बाराही चाचण्यांवर असते तर साडेसात हजार मी आनंदाने दिले असते.

ज्यांची वाचनाची तयारी पूर्ण झाली आहे आणि लिहिण्यातच अडते आहे, त्यांच्यासाठी हा पूर्ण संच महाग आहे. पहिल्या तीन पुस्तिकांचा एकच उपयोग मला झाला. आधी उत्तर न पाहता प्रश्न सोडवायचा, मग छापील उत्तर उघडायचे आणि लाल पेनाने त्यातला मजकूर छाटत दीडशे शब्दांवर आणायचे. कशाला कात्री लावावी याचा चांगला सराव त्यातून होतो. पण हा सराव कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पानावर फुकट करता येतो. ज्यांची अजून माहितीच जमलेली नाही त्यांना या पुस्तिका नोट्स म्हणून चालतील, वर्षे आणि परिभाषा तपासून घेण्याच्या अटीवर.

चौथी पुस्तिका सुटी मिळेल का, असे मी मित्रासाठी काउंटरवर जाऊन विचारले. संच फोडत नाहीत, असे उत्तर मिळाले. ती जोड्यांची उत्तरे कोणी तयार केली हेही विचारले, तर ते सर आता तिथे नाहीत. पहिल्या तीन पुस्तिका मी आमच्या अभ्यासिकेच्या रॅकवर ठेवल्या आहेत. लाल खुणांसह हव्या असतील त्यांनी न्याव्यात. चौथी माझ्याजवळच आहे.