मासा दाखवण्याआधी डोंगर दाखवणारी सहल

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या किनारी डोंगररांगेत, ॲल्सी नदीच्या खोऱ्यात, सॅमन पाहण्यासाठी एक दिवसाची पायी सहल निघते असे कळल्यावर मी नोव्हेंबरातल्या एका शनिवारसाठी नाव नोंदवले. ओढ्याकाठी बसून अंडी घालणारे कोहो सॅमन पाहायचे, एवढीच माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आठ तासांपैकी पहिले पाच तास आम्ही लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या कच्च्या रस्त्यावर आणि त्याच्या कडेच्या चरांपाशी घालवले, आणि पहिला मासा दिसला तो दुपार कलल्यावर. गटातील काही जणांनी याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. माझे मत नेमके उलटे आहे, कारण ओढा शेवटी ठेवणे हाच या आयोजकांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

आमच्या मार्गदर्शक बाई निवृत्त जलशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांना पावसाची मुळीच पर्वा नव्हती. किंबहुना पाऊस पडत असल्याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. त्यांनी आम्हाला एका वळणावर थांबवून कडेच्या चरातून वाहणारे दुधाळ चहाच्या रंगाचे पाणी दाखवले. जड ट्रकांच्या चाकांखाली रस्त्यावरची खडी भरडली जाऊन तिची जी बारीक माती होते, ती हे पाणी उचलते, आणि तो चर थेट ओढ्याला मिळत असल्यामुळे सगळा गाळ ओढ्यात जातो. अर्थात असा चर म्हणजे ओढ्याचाच, कोणी न मोजलेला, एक फाटा असतो. दोनशे पावले पुढे गेल्यावर तोच चर एका आडव्या नळाने मध्येच तोडलेला होता. तेथे पाणी रस्त्याखालून पलीकडे, नेच्यांनी झाकलेल्या उतारावर सोडले होते, आणि दहा-बारा फुटांत ते पानगळीत मुरून दिसेनासे झाले. रस्ता तोच, पाऊस तोच, फक्त पाणी कोठे सोडायचे याचा विचार आधी केलेला. पाणलोट व्यवस्थापन हा शब्द मी अनेक अहवालांत वाचला आहे, पण तो इतक्या थोडक्यात कोणी समजावून दिला नव्हता.

त्यानंतरचा प्रयोग दोन बरण्यांचा होता. बाईंनी रस्ता ओढा ओलांडतो त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने, काठावरच्या उघड्या खडीतून एकेक ओंजळ घेतली (पाण्यातली खडी त्यांनी कोणालाही हलवू दिली नाही), बरण्यांत पाणी भरले आणि त्या आमच्या हातात देऊन हलवायला सांगितले. वरच्या बाजूची बरणी मिनिटाभरात निवळली आणि तळाशी वेगवेगळ्या आकारांचे गोटे स्वच्छ दिसू लागले. खालच्या बाजूच्या बरणीतले पाणी, आम्ही जेवण उरकले तरी, गढूळच होते, आणि तिच्या तळाशी गोट्यांमधल्या फटी पिठासारख्या मातीने लिंपल्या गेल्या होत्या. सॅमनची मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. ती अंडी अनेक आठवडे त्या खडीत राहतात आणि फटींतून वाहणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. पिल्ले बाहेर पडल्यावरही अंगच्या बलकावर जगत काही काळ खडीतच दडून असतात. फटी बुजल्या तर अंडी गुदमरतात, आणि जी पिल्ले जन्मतात त्यांची वर येण्याची वाट बंद होते. हातातल्या बरणीकडे पाहत हे ऐकताना गटातली कुजबुज थांबली होती.

मोरीचा मुद्दा त्यांनी चालता चालता सांगितला. रस्त्याखालचा नळ जर खालच्या टोकाला पाण्याच्या पातळीपासून वर लोंबकळत राहिला, तर मोठा मासा कदाचित उडी मारून चढेल, पण उन्हाळ्यात थंड पाणी शोधत वर सरकणारी बोटभर पिल्ले तेथेच अडकतात. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील आदिवासी राष्ट्रांनी अशा मोऱ्यांमुळे आपल्या करारातील मासेमारीच्या हक्कांवर गदा येते म्हणून राज्याला न्यायालयात खेचले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४ विरुद्ध ४ अशी समसमान पडल्याने खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला आणि मोऱ्या बदलणे राज्याला भाग पडले.

या खोऱ्याची निवड सहेतुक आहे, हे जेवणानंतर कळले. येथे १९५९ ते १९७३ या काळात तीन लहान ओढ्यांचा अभ्यास झाला होता. १९६६ मध्ये नीडल ब्रांच या ओढ्याच्या काठापर्यंत सरसकट तोड करण्यात आली, डियर क्रीकवर काठची झाडे राखून तुकड्यातुकड्याने तोड झाली, आणि फ्लिन क्रीकला तुलनेसाठी हातही लावला गेला नाही. सावली गेलेल्या नीडल ब्रांचचे उन्हाळी पाणी खूप तापले आणि तेथील कटथ्रोट ट्राउट या माशांची संख्या घटली. कोहोच्या बाबतीत मात्र परिणाम इतका सरळ दिसला नाही, आणि बाईंनी ही गुंतागुंत लपवली नाही, हे मला विशेष आवडले. ओरेगनने १९७१ मध्ये वनव्यवहारांचा कायदा केला, त्या काळाची ही पार्श्वभूमी आहे. कोहोची पिल्ले समुद्राकडे जाण्याआधी साधारण वर्षभर गोड्या पाण्यातच राहत असल्याने ऑगस्टमधली सावली त्यांच्यासाठी चैन नसते. पिल्ले वाढतात त्या पाण्यासाठी राज्याची तापमानमर्यादा १८ अंश सेल्सिअस आहे, आणि गाभ्याच्या थंड अधिवासासाठी १६.

आता उणिवा. आम्ही पाहिलेला काठाचा पट्टा संघराज्याच्या मालकीच्या जंगलातला होता, जेथे १९९४ च्या वायव्य वन आराखड्यानुसार मासे असलेल्या ओढ्याच्या प्रत्येक बाजूला किमान ३०० फूट राखीव ठेवले जातात. परंतु याच खोऱ्यात खासगी जमिनीही आहेत, तेथील नियम निराळे आहेत आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने ते बरेच कडक केले आहेत. या वादाचा उल्लेखही झाला नाही. सगळा दिवस चांगल्या बाजूनेच नेल्यावर ओढा कोणाच्या जमिनीतून वाहतो, हा प्रश्न मागेच राहतो. दुसरी तक्रार व्यवस्थेची आहे. अठरा जणांचा गट अरुंद पायवाटेसाठी फार मोठा होता, आणि पाण्यावरची चकाकी कापणारे चष्मे पुरवण्याचे आश्वासन असताना प्रत्यक्षात चारच निघाले.

त्यामुळे शेवटच्या थांब्यावर मला माझ्या पाळीची वाट पाहावी लागली. तेथे एक जाडजूड ओंडका ओढ्यात आडवा पडला होता आणि त्याच्यामागे डोह तयार झाला होता. कित्येक दशके असे ओंडके माशांना अडवतात या समजुतीने सरकारी खात्यांनीच ओढ्यांतून काढून टाकले, आणि आता तेच खाते यंत्रे लावून ओंडके परत आणून टाकते, हे सांगताना बाईंना हसू आवरत नव्हते. डोहाच्या शेपटाकडे, जेथे पाणी पुन्हा उथळ होऊन खळाळते, तेथे एक कोहो मादी कुशीवर वळून खडी उडवत होती. चष्मा लावल्यावर तिच्या शेपटीची झिजून पांढरी पडलेली कड स्पष्ट दिसली. दोघे जण छायाचित्रासाठी पाण्याकडे सरकताच बाईंनी त्यांना दरडावून मागे घेतले, कारण तिथल्या खडीत आधीची अंडी असू शकतात आणि एक पाऊलही पुरेसे असते.

एकंदरीत मी या सहलीला पाचापैकी चार गुण देईन. हीच मंडळी ऑगस्टमध्ये त्याच ओढ्यावर पाण्याचे तापमान नोंदवण्याची सहल काढतात. तिची नोंदणी मी करून ठेवली आहे, आणि चष्मा मात्र घरूनच नेणार आहे.