हिरवा बोर्ड, रात्रभर चालू स्क्रीन आणि एक साधा सॉकेट: ५ पैकी ३ स्टार

गेले चार महिने ई-स्कूटर याच सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर लावतोय, त्यामुळे आता बोलायचा हक्क आहे असं समजतो. आधी चांगलं सांगतो. ८ पॉइंट आहेत, त्यातले ६-७ चालू असतात, जागा मिळते, केबल लपेटून ठेवायला हुक आहे, ॲप कधीकधी रुसतं पण चालतं. तक्रार आहे ती बोर्डाबद्दल. '१००% हरित ऊर्जा' म्हणे!

वर सोलरचं छप्पर आहे, ६ पॅनेल मोजले मी. साधारण ३ किलोवॉट धरा, कडक ऊन असेल तर दिवसाला १२ युनिट. माझ्या स्कूटरची बॅटरी ३ युनिटची, म्हणजे तीन-चार स्कूटर झाल्या की सूर्यनारायणाचा कोटा संपला. त्यात गर्दी होते रात्री ८ नंतर, सगळे कामावरून परतताना गाडी लावतात, आणि इथे वीज साठवायला बॅटरी नाहीये. दुपारची वीज ग्रिडला जाते, रात्रीची ग्रिडमधून येते, हिशेब कागदावर जुळतो हे मान्य, पण रात्री माझ्या गाडीत जाते ती बहुतेक कोळशाचीच.

तरी पेट्रोलपेक्षा बरंच आहे का? आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. १०० किमीला माझी गाडी ३ युनिट खाते, चार्जर गरम होण्यात वगैरे थोडं जातं म्हणून प्लगमधून साडेतीन घ्यावे लागतात, आणि कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेतीन किलो. पेट्रोल स्कूटर ५० चं ॲव्हरेज देत असेल तर तेवढ्याच अंतराला २ लिटर, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे ४.६. फरक आहे, पण क्रांती नाही. हां, सिग्नलला मागच्याच्या नाकात धूर जात नाही हा फायदा वेगळाच. आणि हीच गाडी दुपारी उन्हाच्या विजेवर लावली तर चित्र पार बदलतं, म्हणून मी आता सुट्टीच्या दिवशी दुपारीच येतो.

आता तो स्क्रीन. दाराशी माणसाच्या उंचीचा जाहिरातीचा डिस्प्ले आहे, रात्री १ वाजता एकही गाडी नसताना चकाचक चालू, मागे फॅनची घरघर. असा स्क्रीन २०० वॅटचा धरला तरी २४ तासांत पावणेपाच युनिट! माझी स्कूटर रोज फुल होऊन वर उरेल एवढी वीज जाहिरातीत. छपराने दिवसभर कमवायचं आणि स्क्रीनने बसून खायचं, हे कुठलं हरित?

आणि झाड. पॅनेलवर सावली पडते म्हणून शेजारच्या झाडाच्या एका बाजूच्या फांद्या साफ उतरवल्यात, बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलंय, पाणी मुरायला वीतभर माती ठेवली नाही. त्यामुळे दुपारी गाडी उन्हात तापते, आणि तापलेल्या बॅटरीवर लगेच चार्जिंग लावलं की तिचं आयुष्य कमी होतं. बॅटरी लवकर मेली तर नवीन बनवायचं प्रदूषण वेगळंच, ते कुठल्या बोर्डावर लिहिणार?

मला आवडलेली गोष्ट सगळ्यात कोपऱ्यात आहे. आधीपासूनच्या दिव्याच्या खांबाला एक साधा सॉकेट, रबरी झाकण फाटलेलं, वेगळा चबुतरा नाही, स्क्रीन नाही, नवीन खड्डाही खणलेला नाही. चार्जिंग हळू होतं, पण मी तासभर तिथे असतोच, घाई कुणाला आहे. ई-बाइकवाल्यांना, म्हणजे पेडलच्या इलेक्ट्रिक सायकलवाल्यांना, तर अर्ध्या युनिटात फुल होतं, त्यांना मोठ्या मशीनची गरजच नाही. असे खांब आणखी चार केले असते तर पाचवा स्टारही दिला असता. झाकण तेवढं पावसाआधी बदला राव, तीनदा सांगून झालं.