एनव्हीडीए परीक्षण : तुमचं ऑनलाइन दुकान ग्राहकाला ऐकू कसं येतं?

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुठल्याही व्यवसायाने ॲक्सेसिबिलिटीसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठी, सल्लागार नेमण्याआधी किंवा महागडं ऑडिट करून घेण्याआधी एक काम करावं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, उतरवून घ्यावा आणि माउसला हात न लावता आपल्याच साइटवर एक वस्तू विकत घेऊन बघावी. खरेदी जिथे अडते तिथून दृष्टिहीन ग्राहक निघून जातो. तो सहसा तक्रारही करत नाही, त्यामुळे आकडेवारीत तो 'अर्धवट सोडलेली कार्ट' एवढाच दिसतो. ही गळती नेमकी कुठे आहे हे इतक्या थेट दाखवणारं दुसरं मोफत साधन आमच्या माहितीत नाही.

एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलं. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः दृष्टिहीन. विंडोजवर चालणारा हा प्रोग्राम मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि 'तपासणीपुरतं चालेल' अशा दर्जाचा तर अजिबात नाही. वेबएम या संस्थेच्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या दहाव्या सर्वेक्षणात डेस्कटॉपवर एनव्हीडीए वापरणारे ६५.६ टक्के होते, तर जॉज हा सशुल्क स्क्रीन रीडर वापरणारे ६०.५ टक्के. अनेक जण दोन्ही वापरतात. म्हणजे तुम्ही जे ऐकाल, तेच तुमचे खरे ग्राहक ऐकत असतात.

हे ग्राहक किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, दर सहा माणसांमागे एक. सगळेच स्क्रीन रीडर वापरत नाहीत, हे खरं. पण कीबोर्ड किंवा आवाजी आज्ञा वापरणारा ग्राहकसुद्धा कोडमधल्या त्याच चुकांपाशी अडतो. ब्रिटनमधल्या २०१९ च्या 'क्लिक-अवे पाउंड' पाहणीने, वापरायला अवघड साइट सोडून दुसरीकडे गेलेल्या दिव्यांग ग्राहकांच्या खर्चाचा अंदाज १७.१ अब्ज पौंड काढला होता. हा पैसा बाजारातच राहिला, फक्त ज्याची साइट चालली त्याच्याकडे गेला.

सुरुवातीची तयारी सोपी आहे. फाइल चालवली की इन्स्टॉल करायचं, पोर्टेबल प्रत बनवायची की तसंच वापरायचं, असं विचारलं जातं. कंपनीच्या संगणकावर इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. पहिल्या स्वागताच्या चौकटीतच 'कॅप्स लॉक ही एनव्हीडीए की (म्हणजे एनव्हीडीएच्या आज्ञांसाठी इतर कळांसोबत दाबायची कळ) म्हणून वापरा' हा पर्याय निवडा, कारण पुष्कळ लॅपटॉपवर इन्सर्ट की शोधत बसावी लागते. मग सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी करा. आवाजाचा वेग कमी करा, कारण नवख्या कानाला मूळ वेग झेपत नाही. 'व्हिजन' विभागात जाऊन हायलाइट चालू करा, म्हणजे कर्सर कुठे आहे त्याभोवती चौकट दिसते. टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअरही उघडून ठेवा. बोललेलं प्रत्येक वाक्य त्यात मजकूर म्हणून उमटतं, ते उचलून डेव्हलपरला जसंच्या तसं पाठवता येतं. 'साइट नीट वाचत नाही' या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. 'पेमेंटच्या पानावर तीनदा नुसतं बटन ऐकू आलं' यावर लगेच काम सुरू होतं.

शिकायच्या कळा मोजक्याच. डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए की आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू होतं, लॅपटॉप मांडणीत त्याच कीसोबत ए. कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो. एच दाबून मथळ्यामथळ्यावर उडी मारता येते, बी ने बटनांवर, एफ ने फॉर्मच्या रकान्यांवर, के ने लिंकवर. शिफ्ट जोडलं की उलट दिशा. एनव्हीडीए आणि एफ७ ने पानावरच्या सगळ्या लिंक, मथळे, बटनं यांची यादी उघडते. ही यादी व्यवस्थापनाला दाखवावी अशी आहे. त्यात 'अधिक वाचा' सोळा वेळा दिसलं, की कुठली लिंक कशाची हे ग्राहकाला कसं कळणार, हा प्रश्न कोणालाही पडतो.

आता खरेदीकडे. वस्तूच्या पानावर सगळ्यात जास्त घोळ साइझ आणि रंग निवडण्यात सापडतात. ते सुंदर गोल किंवा चौकोन बहुतेकदा साधे डिव्ह (स्वतःचा काही अर्थ नसलेले कोडमधले डबे) असतात, त्यांच्यावर क्लिकची स्क्रिप्ट लावलेली. एनव्हीडीए 'एम, क्लिकेबल' म्हणतो, कधी तेवढंही नाही. टॅब त्यांच्यावर थांबतच नाही, आणि कुठला साइझ निवडला गेला हे समजायला मार्ग नाही. इलाज जुनाच आहे : फील्डसेटमध्ये (पर्यायांचा गट करणारा एचटीएमएल घटक) खरी रेडिओ बटनं ठेवा, लीजंडमध्ये (त्या गटाचं नाव) 'साइझ' लिहा आणि सजावट लेबलवर करा. दिसायला काहीच फरक पडत नाही, पण ऐकू येतं 'साइझ, एम, रेडिओ बटन, चेक्ड, २ ऑफ ४'. संपलेला साइझ फक्त करडा करून भागत नाही. त्या रेडिओ बटनाला डिसेबल्ड लावा किंवा शेजारी 'शिल्लक नाही' असं लिहा.

किमतीचंही तसंच. जुनी किंमत सीएसएसची (पानाच्या सजावटीच्या कोडची) रेघ मारून खोडलेली असेल तर ती रेघ कानाला कळत नाही. दोन आकडे एकापाठोपाठ ऐकू येतात आणि नेमके किती द्यायचे याचा संशय राहतो. पैशांच्या बाबतीत संशय आला की माणूस थांबतो. डोळ्यांना न दिसणारा पण वाचला जाणारा 'मूळ किंमत' आणि 'सवलतीची किंमत' एवढा मजकूर घातला की झालं. नगसंख्या वाढवण्याची अधिक-उणेची बटनं आणि वरचं कार्टचं चित्र हीही नेहमीची दुखणी. बटनाला नावच नसेल तर एनव्हीडीए नुसतं 'बटन' म्हणून पुढे जातो. चित्राच्या लिंकला ऑल्ट मजकूर (चित्राचं लेखी वर्णन) नसेल तर वेबपत्त्यातला काहीतरी निरर्थक तुकडा वाचतो.

'कार्टमध्ये टाका' दाबल्यावर शांतता पसरली, तर ही चूक सगळ्यात आधी दुरुस्त करा. डोळस ग्राहकाला कोपऱ्यात हिरवी पट्टी दिसते. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो, आणि कार्टमध्ये तीच वस्तू तीनदा जाते. नंतरचा परतावा आणि कस्टमर केअरचा फोन यांचं मूळ इथे असू शकतं. त्या पट्टीला कोडमध्ये रोल-स्टेटस (role="status") लावायचा असतो, म्हणजे तिच्यातला बदल स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. पण तो लावूनही आवाज येत नाही अशी तक्रार फार वेळा दिसते. कारण असं की संदेशाचा डबा आणि त्यातला मजकूर स्क्रिप्टने एकदमच पानावर आणलेला असतो. डबा पान उघडतानाच रिकामा हजर हवा, मजकूर नंतर भरायचा. तरच तो बदल खात्रीने बोलला जातो.

चेकआउटमध्ये रकान्याशेजारी 'पिनकोड' लिहिलेलं दिसतं, पण लेबल कोडमधून रकान्याला जोडलेलं नसेल तर ऐकू येतं 'एडिट, ब्लँक'. चूक झाल्यावर रकान्याची कडा लाल होणं पुरेसं नाही. त्या रकान्याला एरिया-इनव्हॅलिड (aria-invalid) लावा, चूक काय झाली याचा खुलासा एरिया-डिस्क्राइब्डबायने (aria-describedby) जोडा आणि फॉर्म पाठवल्यावर फोकस (कीबोर्ड आत्ता जिथे काम करतो ती जागा) पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन करण्याची फॅशन सोडून द्यावी, हे आमचं ठाम मत आहे. बऱ्याच ठिकाणी त्यात पेस्ट चालत नाही, आणि कुठल्या चौकोनात आहोत हे कळेपर्यंत मुदत संपते. एकच रकाना ठेवा आणि त्याला वन-टाइम-कोड हे ऑटोकम्प्लीट लावा. मग फोनवर कोड आपोआप सुचवला जातो, याचा फायदा प्रत्येक ग्राहकाला.

पेमेंटची चौकट उघडल्यावर टॅब मागच्या पानावरच फिरत राहिला, तर विक्री तिथे संपली. एचटीएमएलचा डायलॉग हा घटक शो-मोडल पद्धतीने उघडला तर मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं. चौकट बंद झाल्यावर फोकस जिथून आला त्या बटनावर परतला की नाही, तेवढं टॅब दाबून तपासा.

मराठी साइटसाठी दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदवलेली असेल तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या वाट्याला येतो आणि वाचन बिघडतं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलक्या आवाजांच्या संचात मराठी आहे, पण त्यासाठी भाषेचा कोड बरोबर हवा. दुसरी गोष्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले पीडीएफ. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते आणि तीच वाचली जाते. असा दरपत्रकाचा पीडीएफ सर्च इंजिनलाही सापडत नाही, त्यामुळे तो युनिकोडमध्ये नव्याने करणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

या दुरुस्त्यांची मिळकत दृष्टिहीन ग्राहकांपुरती थांबत नाही. लेबल जोडलं की त्यावर बोट टेकवलं तरी रकाना उघडतो. बटनांना नावं मिळाली की 'बटनाच्या नावाने शोधा' अशा पद्धतीच्या, प्लेराइट या चाचणी साधनाच्या स्वयंचलित चाचण्या लिहिता येतात, आणि डिझाइन बदललं तरी त्या सहसा मोडत नाहीत. हात वापरता येत नाहीत म्हणून आवाजी आज्ञेने फोन चालवणारा माणूस तीच नावं उच्चारतो. एकाच दुरुस्तीचा खर्च अशा चार ठिकाणी वसूल होतो.

एनव्हीडीएच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो रंगांचा कॉन्ट्रास्ट सांगत नाही. साध्या मजकुराला ४.५ : १ हे प्रमाण हवं, ते मोजायला ॲक्स किंवा वेव्ह हे ब्राउझर एक्स्टेन्शन लागतं. ४०० टक्के झूम केल्यावर पान आडवं सरकवावं लागतं का, व्हिडिओला कॅप्शन आहेत का, फोकसची चौकट सीएसएसने पुसली आहे का, हे डोळ्यांनीच बघायचं. मॅकवर आणि फोनवर तो चालत नाही. तिथे ॲपलचा व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडचा टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरून हीच खरेदी पुन्हा करावी लागते, आणि फोनवरून विक्री जास्त असेल तर ती तपासणी आधी करावी. शिवाय डोळस तपासनीस नकळत पडद्याकडे बघून अंदाज बांधतो. त्यावर स्क्रीन कर्टन हा उपाय यातच आहे, तो पडदा पूर्ण काळा करतो. तरीही सराईत दृष्टिहीन वापरकर्त्याला योग्य मोबदला देऊन तपासायला बोलावण्याला पर्याय नाही. तो कुठे गोंधळतो आणि कुठे वाट काढतो, हे नवख्याला कधीच कळत नाही.

उलट बाजूने, नुसत्या स्वयंचलित गुणांवर भरवसा ठेवून चालत नाही. लाइटहाउस या स्वयंचलित तपासणी साधनात १०० गुण मिळवलेल्या पानावरही प्रत्येक फोटोचा ऑल्ट मजकूर 'इमेज' असू शकतो. मजकूर आहे, म्हणून साधन पास करतं. ग्राहकाला मात्र वस्तू कशी आहे ते कळत नाही. एका ओळीची स्क्रिप्ट टाकून साइट ॲक्सेसिबल करून देण्याचा दावा करणाऱ्या ओव्हरले विजेटपासून तर लांबच राहा. अशा एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

युरोपात माल विकणाऱ्यांसाठी हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू झाला असून ई-कॉमर्स त्यात येतं. दहापेक्षा कमी कर्मचारी आणि २० लाख युरोपर्यंतची उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगांना सूट आहे.

मुख्य पान, वस्तूचं पान, कार्ट, चेकआउट आणि परताव्याचा फॉर्म, या क्रमाने पहिली फेरी करा. दर नव्या रिलीजआधी निदान कार्ट आणि चेकआउट पुन्हा ऐका. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत तपासा, कारण काही घोषणा दोन्हीकडे वेगळ्या येतात. एनव्हीडीएच्या वर्षातून तीन-चार आवृत्त्या निघतात, तेव्हा नोंद करताना आवृत्तीचा क्रमांक, ब्राउझर, दाबलेली कळ आणि स्पीच व्ह्यूअरमधली ओळ असं चारही लिहा. डाउनलोडच्या पानावर देणगी मागितली जाते, ती टाळूनही पुढे जाता येतं. पण ज्या कंपनीची तपासणी या साधनावर चालते, तिने वार्षिक सॉफ्टवेअर खर्चात या देणगीची ओळ जरूर घालावी.