हॉजडन एच-४८९५ : सरावाच्या हलक्या काडतुसांसाठी भरवशाची दारू, पण हात चोख हवा

रायफलच्या सरावाला दरवेळी पूर्ण ताकदीचं काडतूस लागत नाही. खांद्याला बसणारा दणका कमी असला की नवखा नेमबाज खटका ओढताना दचकत नाही. अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्यांनी अशा हलक्या काडतुसांसाठी हॉजडन कंपनीची एच-४८९५ ही बंदुकीची दारू घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. (भारतात शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे हे तिथल्या नेमबाजांपुरतंच.)

दारू कमी म्हणजे धोका कमी, हा समज आधी डोक्यातून काढा. संथ जळणारी दारू पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) अर्धवट भरली तर ती नीट पेट घेत नाही. गोळी नळीत अडकते, किंवा कधीकधी उलटच होऊन दाब एकदम भलताच चढतो. हॉजडनचीच एच-११० ही दारू भरणीच्या मापांच्या कोष्टकातल्या आकड्याहून ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका, असं खुद्द कंपनी बजावते. एच-४८९५ मात्र कमी मापातही एकसारखी जळते, आणि तिचा खरा गुण हाच.

कंपनीचा नियम सोपा आहे. हॉजडनच्या कोष्टकात त्या काडतुसाला, त्या वजनाच्या गोळीला एच-४८९५ चं जे कमाल माप दिलंय, त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायचं, त्याखाली नाही. समजा कमाल ४५ ग्रेन (दारू तोलायचं वजनाचं एकक) असेल, तर किमान २७. कोष्टकात ही दारू नसेल तर त्या काडतुसाला हा नियम लागू नाही. आयएमआर-४८९५ ही नावातल्या आकड्यामुळे तीच वाटते, पण दारू वेगळी आहे. डबा उघडण्याआधी नाव पूर्ण वाचा.

सगळ्यात मोठी भीती दुहेरी भरणीची. २७ दोनदा पडले की ५४ झाले, म्हणजे कमाल मापाच्या १२० टक्के. .३०-०६ या रायफलच्या काडतुसासारख्या मोठ्या पुंगळीत एवढी दारू मावू शकते. म्हणून भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी, प्रत्येकीत टॉर्चने पाहा. दारूची पातळी सगळ्यांत सारखीच दिसली पाहिजे. या दारूचे दाणे काडीसारखे असल्याने मापयंत्राच्या नळीत ते कधी अडकून राहतात. मग एका पुंगळीत कमी पडते आणि पुढचीत ती उरलेली जादा. एक शंकास्पद दिसली तर दोन्ही ओता आणि तराजूवर पुन्हा तोला.

पुंगळ्यांचं दुखणं सहसा कुणी सांगत नाही. दाब कमी असला की रायफलच्या पिनच्या ठोक्याने पुंगळीचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) मागे सरकतो, पण ती चेंबरभर (नळीत काडतूस बसतं त्या जागेभर) फुगून परत बसत नाही. झाडल्यावर प्राइमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) किंचित बाहेर आलेला दिसतो. अशी आखूड झालेली पुंगळी पुढे पूर्ण भरणीला वापरली तर ती बुडाजवळ ताणून तुटू शकते. हलक्या भरणीच्या पुंगळ्यांवर खूण करा आणि त्या कायम वेगळ्या डब्यात ठेवा.

उणी बाजूही आहे. निशाणा बदलतो, त्यामुळे दुर्बीण नव्याने जुळवावी लागते, आणि अर्धस्वयंचलित रायफलची यंत्रणा फिरेलच असं नाही. हाताने मागेपुढे करायच्या बोल्टची रायफल असेल तर यंत्रणेचा हा प्रश्नच येत नाही.

आवाज फुसका आला किंवा लक्ष्यावर भोक दिसलं नाही, तर तिथेच थांबा. नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट काढा आणि नळीतून सळई आरपार घालून पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते.