अलबास्ता की प्रॉमिस्ड डे: आधी काय वाचावं?

एकट्या नायकाने खलनायकाला लोळवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्याचा डाव उधळलेला ज्यांना जास्त आवडतो, त्यांची गाडी बहुधा दोन मांगांपाशी, म्हणजे जपानी चित्रकथांपाशी, येऊन अडते. एक 'वन पीस'मधलं अलबास्ता, दुसरा 'फुलमेटल अल्केमिस्ट'चा शेवट, म्हणजे प्रॉमिस्ड डे. मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलेत. पुढे शेवट फोडणार आहे, चालत नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

अलबास्ता हे वाळवंटी राज्य, आणि तिथला खलनायक क्रोकोडाइल. त्याचा डाव समजायला सोपा आहे. डान्स पावडर वापरून पाऊस पळवायचा, आळ राजावर घालायचा, बंडखोर आणि शाही फौज राजधानीत भिडली की साडेचारच्या ठोक्याला सगळ्यांना बॉम्बने उडवायचं. नायक लुफी क्रोकोडाइलशी झुंजत असतो आणि त्याचे साथीदार बॉम्बची तोफ लपवलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे धावत असतात. एकमेकांना वर भिरकावत, थर लावल्यासारखी ती मंडळी तिथली राजकन्या व्हिवी हिला मनोऱ्यापर्यंत पोचवतात, ती पानं मी अजूनही घाई न करता वाचतो. 'वन पीस'कार ओदाचा हात अशा ठिकाणी काय चालतो!

व्हिवी तोफ डागणाऱ्यांना आडवं करते आणि मग कळतं, टायमर गोळ्याच्या आतच आहे. बहिरी ससाण्याचं रूप घेणारा शाही रक्षक पेल तो गोळा पायांत धरून आभाळात नेतो. पाच किलोमीटरचा परिसर उडवणारा स्फोट होतो. पहिल्यांदा वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि मग हा पेल जिवंत निघतो. चालत येतो, स्वतःचीच कबर बघतो. माझं घोडं इथेच अडलं. तो मरायलाच हवा होता असं नाही. पण व्हिवीने ज्याच्यासाठी हंबरडा फोडला, तो नुकसानीचा आकडा लेखकाने गुपचूप खोडून टाकला. पुन्हा वाचायला घेतलं की मनोऱ्याचा प्रसंग येण्याआधीच मला ते आठवतं आणि जीव टांगणीला लागतच नाही. काहींना तो प्रसंग गोड वाटतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण एवढं सगळं करूनही युद्ध थांबतं ते बऱ्याच अंशी पाऊस पडल्यामुळे, हेही मला जरा खटकतंच.

'फुलमेटल'ची लेखिका अराकावा, तिच्या गोष्टीत मेलेलं माणूस परत मिळत नाही. नायकांच्या बाजूने लढणारे फू आणि बुकॅनियर दरवाज्यापाशी मरतात ते मरतातच. त्याहून मला भावते ती डाव उलटवण्याची जुळणी. खलनायक 'फादर'ने अख्ख्या देशाचं किमयेचं वर्तुळ आखून ग्रहणाच्या दिवशी पाच कोटी जीव गिळले, तर एड आणि अल्फोन्स या नायक भावांचा बाप होहेनहाइम याने आधीच देशभर जीव पेरून ठेवलेत आणि चंद्राची सावलीच त्याचं वर्तुळ होते. गिळलेले जीव आपापल्या देहात परततात. मग त्यांच्या बाजूचा स्कार आपल्या भावाने आखलेलं वर्तुळ चालू करतो, तेव्हा कुठे बाकीच्यांची किमया (अल्केमी) खऱ्या जोराने चालायला लागते. तिकडे बंड करणारा लष्करी अधिकारी मस्टँग, त्याची माणसं रेडिओ ताब्यात घेतात, उत्तर सीमेवरच्या ब्रिग्ज किल्ल्याची फौज राजधानीत घुसते. यातला एक जण काढा, सगळं कोसळतं.

शिवाय मध्येच डाव फसतोही. फादरचा साथीदार प्राइड, त्याला अंधारात कोंडायला अल्फोन्स (त्याला देह नाही, जीव एका चिलखतात अडकलाय) स्वतः त्याच्यासोबत मातीच्या घुमटात बसतो. लहान पोराच्या रूपातला प्राइड शांतपणे अल्फोन्सच्याच चिलखतावर टकटक करत राहतो. ती टकटक मोर्सची निघते आणि त्याच्या बाजूचा किंबली येऊन घुमट फोडतो. खलनायकांनाही डोकं आहे, हे इथे पटतं.

शेवटी एडही ठोसेच मारतो, हे खरं. पण त्याचा तो आधी गमावलेला हात अल्फोन्सने स्वतःला देऊन परत आणलेला असतो.

तक्रार करायचीच तर नावांची. लष्करातली निम्मी माणसं लक्षात राहत नाहीत, मागची पानं उलटावी लागतात. अलबास्तात तसं होत नाही, आणि हसायलाही तिथे जास्त येतं. घरात दहा-बारा वर्षांचं कोणी वाचणारं असेल, तर मीही आधी तेच हातात देईन. फक्त थेट वाळवंटात उतरू नका, व्हिवी येते त्या 12व्या खंडापासून धरा आणि 24व्याच्या सुरुवातीपर्यंत जा. स्वतःसाठी घेत असाल तर मात्र 'फुलमेटल'चे 27 खंड आधी. खंड न घेता अॅनिमे बघणार असाल तर 2009चीच मालिका बघा, 2003च्या मालिकेची गोष्ट मध्येच वेगळी वाट धरते आणि हा दिवस तिच्यात येतच नाही.