दुहेरी तळाच्या बास्केटआड विकलेला जुना ग्राइंडर

घरच्या एस्प्रेसो यंत्रासाठी बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये, म्हणजे बरमध्ये, कॉफीच्या बिया दळणारे यंत्र) घेताना पुण्यातील एका दुकानदाराने आमची फसवणूक केली. त्याने वापरलेली युक्ती अशी आहे की, डोळ्यांसमोर कॉफी तयार होताना पाहूनही ती ग्राहकाच्या लक्षात येत नाही; म्हणून ती येथे सविस्तर सांगत आहे.

दुकान शहराच्या मध्यवस्तीत आहे. बाजारात साधारण २६ हजार रुपयांना मिळणारा, शंकूच्या आकाराचे पोलादी बर असलेला परदेशी बनावटीचा ग्राइंडर दुकानदाराने १९ हजारांना देऊ केला. "मॅडम, पीस एकदम नवा आहे, फक्त खोकं खराब झालंय म्हणून या भावात देतोय," असे त्याने सांगितले आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवले. मग त्याने त्याच ग्राइंडरमध्ये बिया दळून दुकानातील यंत्रावर एस्प्रेसो काढून दाखवली. धार बारीक आणि संथ होती, वर दाट क्रेमा, म्हणजे तपकिरी फेस होता. बिल मागितल्यावर "जीएसटीसकट परवडणार नाही" हे उत्तर मिळाले, आणि पैसे यूपीआयने दिले गेले.

घरी मात्र गणित जमेना. एस्प्रेसोचे सर्वसाधारण माप असे की, १८ ग्रॅम पूड घ्यावी आणि सुमारे ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी. या ग्राइंडरची पूड सर्वांत बारीक खुणेवर दळली तरी तेवढी कॉफी दहा-बारा सेकंदांतच वाहून जात असे आणि चवीला आंबट, पाणचट लागत असे. दोष बियांचा असू शकतो, कारण शिळ्या बियांमधूनही पाणी भरभर जाते. म्हणून भाजल्याची तारीख पाहून चिकमगळूरच्या ताज्या बिया आणल्या. त्याच बिया, तेच यंत्र आणि तीच बास्केट (पूड भरायची, तळाला छिद्रे असलेली वाटी) ठेवून कोथरूडमधील एका स्नेह्यांकडच्या, हाताने फिरवायच्या ग्राइंडरवर पूड दळली, तेव्हा वेळ २८ सेकंद आला. दोष कुठे आहे याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

मग दुकानात ती संथ धार आली कशी? तेथील बास्केट दुहेरी तळाची होती. अशा बास्केटच्या आतल्या तळाला नेहमीसारखी पुष्कळ छिद्रे असतात, पण बाहेरच्या तळाला एकच अतिशय सूक्ष्म छिद्र असते. पाण्याला अडवण्याचे काम तेथे पूड करत नाही, ते छिद्र करते, आणि दाबाने त्यातून बाहेर पडताना कॉफीला फेस येतो. त्यामुळे जाडीभरडी पूड घातली तरी संथ धार आणि दाट क्रेमा दिसतो. नवशिक्यांच्या सोयीसाठी अनेक घरगुती यंत्रांसोबत अशी बास्केट येते आणि तीत गैर काहीच नाही. पण एस्प्रेसोसाठीचा ग्राइंडर पारखताना ती वापरणे म्हणजे ग्राइंडरची परीक्षाच होऊ न देणे होय.

ग्राइंडर तपकीर गल्लीतील एका जाणत्या कारागिराकडे उघडून पाहिला. "ताई, हे दाते नवे नाहीत, पार झिजलेत," असे त्यांनी पहिल्याच दृष्टिक्षेपात सांगितले आणि दात्यांवर दिव्याचा उजेड पाडून खूण दाखवली. धारदार कड उजेडात चमकत नाही. झिजलेल्या कडेवर पांढरी रेघ उमटते. स्क्रूच्या आट्यांमध्ये कॉफीच्या तेलाचा जुना, तपकिरी थर बसलेला होता. टाकी न लावलेल्या जात्यासारखे झिजलेले बर बी कापत नाहीत, चिरडतात. मग पुडीत धूळ आणि जाड कण एकत्र येतात. शिवाय वरचा बर किंचित तिरका बसवला होता. तो एका बाजूने आधीच घासू लागे, त्यामुळे त्याहून बारीक दळणे शक्यच नव्हते. कोणत्या तरी कॅफेत राबलेला ग्राइंडर पुसून विकला असावा, असे माझे मत आहे.

दुकानदाराने "उघडलेला माल परत घेत नाही" या पाटीकडे बोट दाखवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र वेगळे सांगतो. वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि उत्तर न आल्यामुळे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. बिल नसले तरी यूपीआयची नोंद आणि "नवा पीस" हा व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर आम्ही पुरावा म्हणून जोडला आहे.

दुकानात एस्प्रेसो काढून दाखवली जात असेल, तर आधी बास्केट उलटी करून पाहावी. बाहेरच्या तळाला एकच छिद्र दिसले तर साध्या, एकेरी तळाच्या बास्केटचा आग्रह धरावा. बिया आपल्या न्याव्यात, लहान वजनकाटा सोबत ठेवावा आणि सेकंद स्वतः मोजावेत. त्यानंतर दळणाची खूण एकाच घराने सरकवून पुन्हा कॉफी काढायला सांगावी. एका घरात धार थेंबाथेंबावरून एकदम धो-धो होत असेल, तर बर नवेकोरे असले तरी त्या ग्राइंडरच्या खुणा एस्प्रेसोसाठी फार विरळ आहेत. वरचा बर अनेक घरगुती ग्राइंडरांत हातानेच निघतो; तो काढून दाखवायला जो दुकानदार नकार देईल, त्याच्याकडून खरेदी करू नये. आणि फसवणूक झालीच, तर नवे बर बसवून घेण्याची घाई करू नये. झिजलेले बर जागेवर असतील तरच आयोगाला ती वस्तू तपासणीसाठी पाठवता येते.